'बघू, कळवतो' : विमा एजंटाने नकार ओळखायचा कसा आणि पचवायचा कसा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. लोक चहा देतात, 'बसा हो, घाई काय आहे' म्हणतात, तुमचा कागद टीव्हीच्या बाजूला नीट ठेवतात, लिफ्टपर्यंत सोडायला येतात आणि लिफ्टचं दार बंद होता होता म्हणतात, 'बघू, कळवतो.' नवा एजंट डायरीत 'होणार' असं लिहून खाली उतरतो. पुढचे तीन आठवडे फोन करतो. तिसऱ्या आठवड्यात तिकडून फोन उचलणं बंद होतं. नकार पहिल्याच दिवशी मिळाला होता, पण तो न ओळखल्यामुळे त्याचे सहा नकार झाले. आयसी-३८ च्या, म्हणजे एजंटाच्या परीक्षेच्या, पुस्तकात विम्याची तत्त्वं आहेत, 'बघू'चा अर्थ नाही.

या धंद्यातून पहिल्या वर्षी बाहेर पडणारे बरेच जण नकारांच्या संख्येने खचलेले नसतात. मेलेल्या नकारामागे धावण्यात त्यांचं पेट्रोल, संध्याकाळी आणि उमेद संपलेली असते. म्हणून चिकाटीचं भाषण बाजूला ठेवू आणि नकार वेगळे कसे करायचे ते आधी पाहू.

पाच अक्षरांची डायरी

दोनशे पानी साधी वही पुरते. एका भेटीला एक ओळ द्यायची: तारीख, नाव, कोणी ओळख करून दिली, भेट कुठे झाली, समोरच्याचं वाक्य, आणि शेवटी एक अक्षर. 'पै' म्हणजे पैसा आत्ता नाही. 'वे' म्हणजे वेळ चुकली. 'घ' म्हणजे घरातलं दुसरं माणूस ठरवणार. 'वि' म्हणजे विश्वास नाही, तुमच्यावर, कंपनीवर किंवा एकूण विम्यावरच. 'ग' म्हणजे खरोखर गरज नाही.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिणं. ते भेटीनंतर दहा मिनिटांच्या आत, सोसायटीच्या फाटकाबाहेर किंवा रिक्षाच्या रांगेत उभं राहून लिहा. रात्री घरी जाऊन लिहायला बसलात की त्याचं वाक्य विसरलेलं असतं आणि तुमची चिडचिड तेवढी आठवते. मग वहीत 'इंटरेस्ट नाही' असं लिहिलं जातं, जे पुढे कशाच्याच उपयोगाचं नसतं. 'यंदा मुलीची अकरावीची फी भरली, जूनपर्यंत नको' हे वाक्य मात्र पुढच्या जुलैत तुम्हाला त्या दारात परत उभं करतं.

ही वही कशी वसूल होते त्याचं ताजं उदाहरण म्हणजे जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. त्याआधी टर्म (म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा) आणि मेडिक्लेमवर १८ टक्के लागायचा. म्हणजे २०,००० रुपये मूळ हप्ता असेल तर ग्राहकाच्या खिशातून २३,६०० जायचे. ज्यांच्या नावापुढे 'पै' होतं त्यांना परत फोन करायला हे खरं, ठोस कारण होतं. तसंच १ एप्रिल २०२४ पासून आरोग्यविमा घेण्यावरची ६५ वर्षांची अट नियमांतून गेली आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. 'आईला कुठे मिळणार आता, सत्तरीची आहे' असं म्हणणाऱ्यांची यादी ज्याच्याकडे होती, त्याला नवीन नावं शोधावी लागली नाहीत. अर्थात पॉलिसी द्यायची की नाही, हे अजूनही कंपनीच्या अटी आणि मेडिकल पाहूनच ठरतं. फोनवर 'मिळतेच' असं सांगायचं नाही.

सभ्य नकारांचे खरे अर्थ

'बघू.' यावर एकच प्रश्न विचारायचा: 'चालेल. नेमकं काय बघायचं राहिलंय, हप्ता झेपेल का ते, की पॉलिसीच हवी का ते?' उत्तरात एखादी नेमकी गोष्ट आली (पगारवाढ, गृहकर्ज मंजूर होणं, भावाशी बोलणं), तर ती भेट जिवंत आहे, तारीख घ्या. 'नाही, असंच... बघू' एवढंच आलं तर ते संपलं. तेव्हा आपणच सुटका करून द्यावी: 'ठीक आहे, मी आता फोन करणार नाही. तुमचा मेडिक्लेम कोणत्या महिन्यात संपतो तेवढं सांगून ठेवा, त्याआधी एकदा विचारीन.' हे ऐकून समोरच्याचे खांदे सैल पडतात आणि महिना तो हमखास सांगतो. नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी फोन केला तर कंपनी बदलायची असल्यास पोर्ट करायला वेळ मिळतो. शेवटच्या आठवड्यात केलेला फोन दोघांच्याही कामाचा नाही.

'मिसेसना विचारतो.' याला टाळाटाळ समजू नका, हे बहुतेक वेळा अर्धं तरी खरं असतं. आपल्याकडे पगार एकाचा असला तरी महिन्याचा हिशेब दुसऱ्याच्या हातात असतो. चूक एजंटाची, कारण त्याने एकट्या नवऱ्याला ऑफिसात गाठून तासभर समजावलेलं असतं. नवरा घरी जाऊन ते दोन मिनिटांत सांगतो आणि त्यातला 'मॅच्युरिटीला इतके मिळतात' हा आकडा तेवढा उरतो. मग वहिनी विचारतात, 'मध्येच बंद करावी लागली तर?' त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. म्हणून पहिली भेट ठरवतानाच 'दोघं असाल अशी वेळ सांगा' असं म्हणा आणि बंद करण्याचा विषय तुम्हीच आधी काढा. बचतीच्या पारंपरिक पॉलिसीत १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष पुरं झाल्यावरही काही रक्कम परत मिळते. पण सुरुवातीच्या वर्षांत ती भरलेल्या पैशापेक्षा कमीच असते, हेही त्याच दमात सांगा. टर्ममध्ये सामान्यतः काहीच परत मिळत नाही.

'आधीच पाच पॉलिसी आहेत.' इथे पॉलिसींची संख्या सोडा आणि विम्याच्या रकमेची बेरीज करायला सांगा. समजा, पाच पॉलिसींचा मिळून वर्षाचा हप्ता ६०,००० आणि एकूण विमा ९ लाख. कासारवडवलीतल्या फ्लॅटचं कर्ज ७० लाख. कागदावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहून गप्प बसा. जुन्या पॉलिसी मोडायला मात्र सांगू नका. एक तर त्यात ग्राहकाचं नुकसान होण्याची शक्यता मोठी, आणि ज्याने त्या काढून दिल्या तो बहुतेक त्यांच्याच नात्यात असतो.

त्यावरूनच पुढचं: 'आमचा मेव्हणाच एजंट आहे.' हा 'ग' नव्हे, पण जवळजवळ तसाच. मेव्हण्याच्या विरोधात एक शब्दही बोलू नये. तो फक्त आयुर्विमा करत असेल आणि तुमच्याकडे आरोग्यविम्याचंही काम असेल तर तेवढं सांगून निघावं. याहून जास्त वेळ इथे घालवणारे एजंट आम्हाला कळत नाहीत.

'ऑनलाइन स्वस्त मिळतं.' वाद घालू नका, टर्म बऱ्याचदा स्वस्त मिळतोच. 'हो, मिळतो. फॉर्म भरताना तंबाखू, बीपी, शुगर आणि आधी नाकारलेलं प्रपोजल (विम्याचा अर्ज) हे चार रकाने अजिबात लपवू नका, आणि नॉमिनीला पॉलिसी कुठे आहे ते सांगून ठेवा,' एवढा सल्ला फुकट द्या. त्यातले काही जण फॉर्म अर्धा भरून परत फोन करतात. जे करत नाहीत त्यांचा नकार खरा होता.

'बँकेत एफडी करायला गेलो, पॉलिसी गळ्यात मारली.' हा शुद्ध 'वि'. इथे काही विकायचं नाही. जुनी पॉलिसी मागवा, पहिलं पान वाचून दाखवा: हप्ता किती वर्षं, विमा किती, मुदत किती. पॉलिसीचा कागद हातात पडून ३० दिवस झाले नसतील तर फ्री-लुकमध्ये ती परत करता येते, अर्ज करायला मदत करा. दिवस उलटले असतील तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा भरोसा पोर्टल किंवा आयआरडीएआय या विमा नियामकाची १५५२५५ ही हेल्पलाइन, आणि तरीही समाधान नाही झालं तर विमा लोकपाल, ज्यासाठी शुल्क लागत नाही. या मदतीतून आज कमिशन मिळणार नाही. पण 'वि' लिहिलेलं नाव दुसऱ्या कुठल्याही मार्गाने उघडत नाही.

'क्लेम देतात कुठे?' यावर जाहिरातीतले टक्के सांगू नका. विमा कायद्याचं कलम ४५ सांगा: पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की आयुर्विमा कंपनीला ती कोणत्याही कारणावरून प्रश्नात घेता येत नाही. त्याआधी माहिती लपवल्याचं कारण निघू शकतं. म्हणून मशेरी, गुटखा, पूर्वीची अँजिओप्लास्टी, सगळं फॉर्मवर. नुसत्या भरवशाच्या शब्दांपेक्षा हा कोरडा मुद्दा जास्त पटतो.

आणि शेवटचा, बाजारपेठेत हमखास येणारा: 'पहिल्या हप्त्यातलं किती सोडणार?' विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणं आणि घेणं दोन्ही बेकायदेशीर आहे, दंड दहा लाखांपर्यंत. हे हसत, पण स्पष्ट सांगा. ग्राहक गेला तर जाऊ द्या. सूट देऊन मिळवलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी सूट नसल्यामुळे हप्ता भरत नाही आणि त्याची बंद पडलेली पॉलिसी तुमच्या खात्यावर दिसते. तुमच्या ओळखीने तो ज्यांना पाठवील तेही तोच प्रश्न घेऊन येतील.

गळती नेमकी कुठे आहे

सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगतात, 'वीस नकारांनंतर एक होकार, म्हणजे प्रत्येक नकार तुम्हाला पैसे देऊन जातो.' ऐकायला बरं वाटतं, पण ते अर्धवट आहे. फोनवरचे वीस नकार आणि दुसऱ्या भेटीनंतरचे वीस नकार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सहा आठवडे चार आकडे लिहा: किती फोन, त्यातून ठरलेल्या भेटी, प्रत्यक्ष झालेल्या भेटी, भरलेली प्रपोजलं. समजा, आठवड्याला ३० फोन, १२ भेटी ठरल्या, ७ झाल्या, १ प्रपोजल. हा फक्त हिशेबाची रीत दाखवणारा नमुना आहे, तुमचे आकडे वेगळे येतील. आता गळती बघा. ३० फोनांतून २-३ भेटीच ठरत असतील तर दोष नावांत आहे, तुमच्यात नाही. नावं ओळखीची नाहीत, कुठून तरी विकत घेतलेल्या यादीतली आहेत. अशा यादीवर स्वतःच्या मोबाइलवरून फोन करणं धोक्याचंही आहे. समोरच्याने १९०९ वर (नकोशा फोनांच्या तक्रारीचा नंबर) तक्रार केली तर नंबर बंद होऊ शकतो, आणि त्याच नंबरवर तुमचे जुने ग्राहक असतात.

ठरलेल्या १२ पैकी ५ भेटी ऐनवेळी रद्द होत असतील तर भेटी फार लांबच्या तारखेच्या घेताय. तीन दिवसांच्या आतली वेळ घ्या आणि सकाळी एक ओळीचा मेसेज टाका. 'येऊ का?' असं विचारू नका, 'सातला येतोय, बिल्डिंगचं फाटक हायवेच्या बाजूचंच ना?' असं विचारा. ७ भेटींतून एकही प्रपोजल नसेल तर तुम्ही जास्त बोलताय. पहिल्या वीस मिनिटांत तुमचं बोलणं पाच मिनिटांचंच असावं. उरलेला वेळ कर्ज किती, कमावणारे किती, ऑफिसचा मेडिक्लेम किती आणि नोकरी सुटली तर तो राहतो का, हे त्यांच्या तोंडून यावं.

आणि प्रपोजल भरूनही पॉलिसी निघत नसेल तर तो वेगळाच नकार, त्यावर पुढे.

घोडबंदर रोडचा थकवा

बऱ्याच वेळा ज्याला आपण नकाराचा थकवा म्हणतो तो प्रवासाचा असतो. सहाला कोपरीत भेट, साडेसातला कासारवडवली आणि नऊला ऐरोली असं ठरवणारा माणूस तिसऱ्या घरी पोचतो तेव्हा त्याचा चेहराच अर्धा नकार असतो. संध्याकाळी घोडबंदर रोडवर स्टेशनापासून पुढे जायला किती वेळ लागेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, तेव्हा एका संध्याकाळी एकच पट्टा धरा. सोमवार-मंगळवार मानपाडा ते कासारवडवली, बुधवारी नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर. गुरुवारी ट्रान्स-हार्बरने ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी. गाडी असेपर्यंत स्टेशनाजवळच्या भेटी बऱ्या. पट्टा पक्का केला की एक भेट रद्द झाली तरी शेजारच्या इमारतीत जुन्या ग्राहकाकडे डोकावता येतं, संध्याकाळ वाया जात नाही.

मोठ्या संकुलांच्या फाटकावर वॉचमन ॲपवरून परवानगी मागतो. एका फ्लॅटचं नाव सांगून आत शिरायचं आणि दुसऱ्या चार दारांची बेल वाजवायची, हे करू नका. तक्रार झाली की त्या संकुलातला तुमचा खरा ग्राहकही तोंड चुकवतो. आत स्टॉल लावायचा असेल तर सेक्रेटरींना लेखी अर्ज, सोबत एजंट म्हणून नेमणुकीच्या पत्राची प्रत, आणि रविवारी सकाळी साडेआठ ते अकरा एवढीच वेळ मागा.

माणसाची वेळ चुकली तर मिळणारा 'वे' हा फुकटचा नकार. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, भाजीपाल्याचा बाजार रात्री आणि पहाटे चालतो. भाजीवाल्या गाळेधारकाला दुपारी चारला फोन केला तर तो झोपेतून उठून 'नको' म्हणतो. सकाळी दहा-अकराला, माल संपल्यावर, गाळ्यावरच भेटा. आंब्याच्या हंगामात फळबाजाराकडे फिरकूच नका, मार्च ते मे त्यांना डोकं वर काढायला वेळ नसतो. नवी मुंबईतल्या टीटीसी एमआयडीसीत कारखान्याची पाळी सुटताना फाटकावर कागद वाटण्याचा काही उपयोग नाही, प्रत्येकाला बस पकडायची असते. ऐरोलीतल्या आयटीवाल्यांना शनिवारी अकरानंतर. आणि ठाण्यातल्या घरात रविवारी दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, हे सांगायची गरज नसावी.

वर्षाचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये अर्धी माणसं कोकणात किंवा घाटावर गावी असतात. जूनमध्ये फी, वह्या, रेनकोट. गणपतीचे दिवस गेले की पितृपक्ष लागतो आणि अनेक घरांत त्या पंधरवड्यात नवीन काही करत नाहीत. तेव्हा सह्या मागू नका, जुन्या ग्राहकांची कामं उरका. दिवाळीच्या बोनसनंतर 'पै' लिहिलेली नावं काढा. पूर्वी मार्च हा टॅक्सवाल्यांचा महिना होता. पण २०२३-२४ पासून नवी करपद्धती आपोआप लागू होते आणि तीत ८०सी, ८०डी ची वजावट नाही. 'टॅक्स वाचतो' या एकाच वाक्यावर चालणाऱ्यांना मार्चमध्ये हल्ली जो नकार मिळतो तो याचा. समोरचा कोणत्या पद्धतीत आहे ते आधी विचारा.

नातेवाईक

पहिली यादी त्यांचीच निघते आणि पहिली जखमही तिथेच होते. नियम एकच: लग्नात, बारशात, बाराव्याला विषय काढायचा नाही. फोन करून, वेळ घेऊन, एकदाच जायचं. नाही म्हणाले तर पुन्हा स्वतःहून कधीच नाही. मामाने 'अरे, आपल्यात कशाला ते' म्हटलं तर तो नकार विम्याला आहे, भाच्याला नाही. दिवाळीला मामाकडे फराळाला जाऊन विम्याचा 'वि'ही न काढता परत या. तिथून पुढे मामा आपण होऊन विचारायची शक्यता असते, आधी नसते.

'हो' म्हटल्यानंतरचे नकार

हे सगळ्यात जास्त लागतात, कारण डोक्यात कमिशन खर्चही करून झालेलं असतं.

पहिला कंपनीचा. मेडिकलमध्ये शुगर निघते, लघवीच्या तपासणीत तंबाखूचा अंश निघतो, आणि कंपनी हप्ता वाढवते, सहा महिन्यांनी या म्हणते किंवा नाकारते. यात ग्राहक तुमच्यावर चिडतो, कारण त्याला वाटतं तुम्ही त्याला 'आजारी ठरवलं'. उपाय आधीच करायचा. प्रपोजल भरतानाच सांगा की तीन उत्तरं येऊ शकतात, आणि नाकारलं गेलं तर पुढच्या कोणत्याही कंपनीच्या फॉर्मवर ते लिहावं लागेल. दहा-बारा तास उपाशी राहून, रात्री नीट झोपून रक्त द्यायला सांगा. 'आठवडाभर गोड बंद करतो' म्हणणाऱ्याला सांगा की एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. शंका असेल तर मोठ्या रकमेचं प्रपोजल टाकण्यापूर्वी त्याने स्वतःच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घेतलेलं बरं. पण तो रिपोर्ट लपवायचा नाही, तोही फॉर्मवर जातो.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण: धंदा मोठा, रिटर्न छोटा. दोन कोटींचा टर्म मागतात आणि आयकर विवरणात वर्षाचं उत्पन्न पाच-सहा लाख दिसतं. कंपनी उत्पन्नाच्या पटीतच विमा देते, तेव्हा रक्कम कापून येते. तीन वर्षांची विवरणं पहिल्या भेटीत बघा आणि मिळू शकेल तोच आकडा बोला. धंद्याची देणी असलेल्या विवाहित व्यापाऱ्याला १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली पॉलिसी घेता येते, म्हणजे ती रक्कम बायको-मुलांची राहते, ज्यांचं देणं आहे त्यांच्या हाती सहसा जात नाही. पण ते प्रपोजलच्या वेळीच करावं लागतं, नंतर नाही.

दुसरा नकार फ्री-लुकचा. ३० दिवसांत पॉलिसी परत आली की कमिशनही परत जातं. म्हणून नव्या पॉलिसीचं कमिशन दीड महिना हात न लावता बँकेत ठेवा. याचं मूळ बहुतेक वेळा बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पुढे किती मिळेल ते दाखवणाऱ्या तक्त्यात असतं: ४ आणि ८ टक्के परतावा धरलेले दोन रकाने असतात आणि एजंटाने फक्त ८ चा दाखवलेला असतो. घरी भाऊ किंवा मुलगी ४ चा रकाना बघते आणि पॉलिसी परत येते. तुम्हीच आधी ४ वर बोट ठेवा, ८ त्यांना वाचू द्या. आणि दोन्ही नुसती गृहीतकं आहेत, हमी नाही, हे सही घेण्यापूर्वी सांगा.

याच टप्प्यावर घाबरून एजंट दोन चुका करतात. टार्गेटसाठी ग्राहकाचा पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरतात, जो पुन्हा कलम ४१ मध्येच बसतो. किंवा स्वतःच्याच नावावर न झेपणाऱ्या पॉलिसी काढतात. वर्षभराने तोच हप्ता परत समोर येतो, तेव्हा नवीन धंदा तेवढाच असतो आणि देणं दुप्पट. धंदा सुरू करताना सहा ते नऊ महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर नोकरी सोडू नका, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी सुरू करा. घरात किराण्याची उधारी असेल तर 'बघू' ऐकून शांत राहता येत नाही, आणि ग्राहकाला ती घाई लगेच जाणवते.

फोनच्या दिवसाची मांडणी

सलग पंधरा अनोळखी फोन करू नका. आठव्या फोनपर्यंत आवाज पडतो आणि तो पलीकडे ऐकू येतो. तीन नवे फोन, मग एक सेवेचा, मग पुन्हा तीन, असं चालवा. सेवेचे फोन म्हणजे नॉमिनी बदलला का, पत्ता बदलला का, लग्नानंतर नाव बदलायचंय का, हप्त्याची पावती हवी का. या फोनांना कोणी 'नाही' म्हणत नाही, उलट आभार मानतात, आणि पुढचे तीन फोन त्या आवाजात होतात. हे सगळं सकाळी अकराच्या आत उरकावं.

एखादा नकार फारच लागला, कोणी अपमान केला, 'तुम्ही लोक फसवता' म्हणालं, तर त्या दिवशी पुढची भेट रद्द करू नका, पण तिच्या आधी वीस मिनिटं चाला. ठाण्यातल्या तलावपाळीची एक फेरी तेवढ्यात होते. ब्रँचबाहेरच्या टपरीवर मात्र थांबू नका. तिथे 'हल्ली कोणी घेतच नाही' असं म्हणणारे चार जण कायम उभे असतात, आणि दुपारी तीनला टपरीवर असलेल्या एजंटाचं बाजाराबद्दलचं मत फार मनावर घेऊ नये.

दर शनिवारी वहीतली पाच अक्षरं मोजा. 'वे' जास्त असेल तर वेळापत्रक बदला. 'घ' जास्त असेल तर भेटी दोघांच्या घ्या. 'पै' जास्त असेल तर तुम्ही लोकांच्या पगाराला न झेपणारं दाखवताय: वर्षाला ५०,००० चा हप्ता दाखवून नकार घेण्यापेक्षा आधी टर्म आणि मेडिक्लेम दाखवा, बचत नंतर. 'वि' दोन महिने सारखा जास्त येत असेल तर तुमच्याकडे नावं कुठून येतायत ते तपासा. 'ग'ची नावं वहीतून खोडून टाका.

तेराव्या महिन्याचा फोन

पॉलिसी निघाली आणि वर्षाने दुसरा हप्ता आलाच नाही, हाही नकारच, फक्त उशिरा कळलेला. कंपन्या तुमचं मोजमाप १३ व्या, २५ व्या, ३७ व्या महिन्यात किती पॉलिसी चालू आहेत त्यावर करतात, आणि नूतनीकरणाचं कमिशनही त्यावरच. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला १५ दिवसांची. सवलतीच्या शेवटच्या दिवशी फोन करू नका. देय तारखेच्या २० दिवस आधी एक फोन करा: खातं तेच आहे ना, बँक बदलली का, नोकरी बदलली का. हप्ता परत जाण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं की पगाराचं खातं नव्या कंपनीबरोबर बदललं आणि जुन्या खात्यात ४०० रुपये पडून आहेत. मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) नव्याने नोंदवायला काही दिवस लागतात, म्हणून २० दिवस. आणि फोनवर ग्राहक 'बघू' म्हणाला, तर पहिलाच प्रश्न परत विचारा: नेमकं काय बघायचंय?